अहो, तुमचा डबा पोचला

अहो, पोचला. आधी तेवढं ऐका, बाकीचं मागाहून. तुमचा डबा पोचला. आतलं विमान पोचलं. दोन्ही पंख शाबूत, शेपूट शाबूत, पुढच्या काचेला साधा ओरखडा नाही. मी मेथी निवडत बसले होते, तर खालच्या नाडकर्णीबाई जिन्यातूनच हाका मारत आल्या, हावेरीहून ट्रंक कॉल आहे म्हणून. तशीच अनवाणी धावले. पलीकडे माझा भाऊ, आपला बाळा. लाइनीत नुसती खरखर, पण त्याचा आवाज तुम्हाला माहितीच आहे, त्याला खरं म्हणजे फोन लागतच नाही. "ताई, पोचलंव गो," म्हणाला. "कायएक मोडूक नाय." मी रिसीव्हर ठेवला आणि नाडकर्णीबाईंच्या कोचावर बसून भोकाड पसरलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, त्यांना वाटलं आणखी कोणी गेलं. म्हटलं, नाही हो, सगळं नीट पोचलं. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं ते मला त्या कोचावर कळलं.

तुमच्या कारखान्यातले लोक मध्ये येऊन गेले. स्मरणिका काढतायत. वहिनी, चार शब्द लिहून द्या, म्हणाले. जन्म, शिक्षण, नोकरीतल्या बढत्या, असं काहीतरी. म्हटलं, ते तुमच्या भांडुपच्या ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात आहे सगळं, तिथून घ्या. मी लिहीन ते डब्याबद्दल. आपल्या संसारात बोलायला, भांडायला आणि अबोला धरायला तोच एक कायमचा विषय होता. शिवाय मला तुमच्याबद्दल लिहिता येत नाही, तुमच्याशीच बोलता येतं. छापायचं तर छापा, नाहीतर द्या परत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी, एक लांबलचक लाकडी डबा उभा असायचा. दोन चाकं, पुढे ओढायची दांडी, वर पत्रा. लांबी इतकी की भाजीवाली एका टोकाला टोपली ठेवून दुसऱ्या टोकाला सावलीत झोपायची. त्याच्या आत ग्लायडर होतं, म्हणजे इंजिन नसलेलं विमान. पंख सुटे करून दोन बाजूंना उभे लावलेले, मध्ये धड. हे गृहस्थ घाटावरच्या एका क्लबात जाऊन ते चालवायचे. तिथे एक जुनं विमान आपटून मोडलं, क्लबवाले फेकून देणार होते, तर यांनी ते डब्यासकट घरी आणलं. कोणी मांजराचं पिल्लू आणतं, आमच्याकडे हे आलं.

सात वर्षं तुम्ही ते दुरुस्त करत होतात. जेवायच्या टेबलावर लाकडी फासळ्या चिकटवायच्या आणि आम्ही मायलेकांनी जमिनीवर पानं घ्यायची. कापडावर ते कसलं व्हार्निश लावायचात, त्याच्या वासाने माझ्या आमटीला चव लागेनाशी व्हायची. मी बोलायचे. खूप बोलायचे. तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणायचात, "झालं? आता जरा हे टोक धर." आणि मी धरायचे. माझा राग किती खरा होता हे तुम्हाला बरोबर माहीत होतं, हाच तर माझा राग होता.

पण एक टोक मी कधी धरलं नाही. क्लबात तुम्ही मला न्यायचात ते डबा घेऊन, जेवणाचा डबा. सुटायच्या आधी विमानाचा पंख कोणीतरी हातात धरून सरळ ठेवावा लागतो, दोर ओढला गेला की दोन पावलं बरोबर पळायचं आणि सोडायचं. दर वेळी विचारायचात, "आज धरतेस?" मी म्हणायचे, मी तुम्हाला मरायला ढकलणार नाही. झाडाखाली, पाठ करून बसायचे. तुम्ही वर असेपर्यंत माझी मान वळायची नाही. खाली टेकल्याचा खरखराट ऐकला की मग पोळीभाजी काढायची. किती रविवार मी त्या माळाकडे पाठ करून बसले असेन, देव जाणे.

मग तुमच्या छातीत पहिली कळ आली आणि डॉक्टरांनी उडणं बंद केलं. मी तिथल्या तिथे डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या तोंडात साखर पडो. तुमच्यासमोरच म्हटलं, लपवलं काही नाही. तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी. पण दुरुस्ती सोडली नाहीत. ज्या विमानात स्वतःला बसायला मिळणार नाही त्याचा पंख तुम्ही घासत राहिलात. कोणासाठी, विचारलं तर हेगड्यांचं नाव निघालं. हेगडे तुमचे जुने क्लबातले दोस्त, नोकरी संपल्यावर गावी गेले, तिकडे हावेरीच्या पुढे माळावर त्यांनी शिकाऊ पोरांसाठी छोटा क्लब काढलेला. विमान मात्र एकच, तेही आजारी. तुम्ही त्यांना शब्द देऊन बसलात, की हे तयार झालं की तुमचं.

शब्द द्यायला काय जातं? न्यायचं कसं, हा प्रश्न होता. इतका लांब डबा, मुंबईपासून पार कर्नाटकात, आणि आपली ऐपत ती काय. त्यात सोसायटीची मीटिंग झाली. आवारात फरशी घालायची, स्कूटरी लावायला जागा करायची, तेव्हा महिनाअखेर डबा हलला नाही तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याला बोलावू, असं सेक्रेटरींनी तुमच्या तोंडावर सांगितलं. तुम्ही घरी येऊन नुसते गॅलरीत उभे राहिलात. त्या दिवशी मी भांडले नाही.

दर रविवारी बाळा जेवायला यायचा आणि बांगड्याच्या कालवणाबरोबर तुमचा दोघांचा वाद सुरू व्हायचा. बाळा घाटकोपरच्या लाकडाच्या वखारीत, त्याला ट्रकांची जात माहीत. तुम्हाला आधी रेल्वे हवी होती. मालगाडीचा उघडा वॅगन, स्वस्त आणि मस्त, म्हणालात. मग कोणीतरी सांगितलं की मिरजेला रूळ बदलतात, मोठ्या गाडीतला माल उतरवून छोट्या गाडीत चढवतात, आणि शंटिंगला डबे धडाधड आपटतात. रेल्वे तिथेच मेली. मग बाळाने वर्सोव्याच्या कोणा तांडेलाचं नाव काढलं, होडीवर टाकून कारवारला नेऊ म्हणाला. त्यावर तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. उरल्या दोन वाटा. तुमची म्हणजे कोणाची तरी जीप मागून घ्यायची, डबा मागे जोडायचा आणि हळूहळू ओढत न्यायचा. बाळाची म्हणजे परतीचा ट्रक. कर्नाटकातून लाकूड घेऊन लांब चासीचे ट्रक घाटकोपरला येतात, जाताना रिकामे जातात. रिकामा तो जाणारच, डिझेल टाकलं की झालं.

मी बाळाच्या बाजूने. छातीत कळ येऊन गेलेला माणूस जीप चालवत घाट उतरणार आणि मागे हे धूड लोंबणार, माझ्या डोळ्यांसमोर सगळं दिसायचं. तुम्ही मात्र ऐकाल तर शपथ. "ज्याला स्वतःची चाकं आहेत त्याला चाकांवर चढवायचं म्हणजे घोड्याला बैलगाडीत बसवणं आहे." हे वाक्य तर पाठच झालं होतं आम्हाला. शिवाय तुमचा खरा मुद्दा होता तो वेगळा. परतीचा ट्रकवाला वाटेत सापडेल तो माल घेणार. तुमच्या डब्यावर कांद्याची पोती टाकणार, गूळ टाकणार, वर माणसं बसवणार. आत प्लायवुडची कातडी, ती चिरडायला एक पोतं पुरे. बाळा म्हणायचा, "भावोजी, तुमका ट्रकवाले ठावक नाय, सांगितला तर ऐकतत." तुम्ही म्हणायचात, सांगून कोण ऐकतं या देशात. इथे येऊन वाद अडायचा आणि पुढच्या रविवारवर जायचा.

मग एका मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवलात, "जरा पडतो" म्हणालात, आणि गेलात. वाद तसाच टेबलावर.

आता एक सांगते, आणि लोकांनी वाचलं तरी चालेल. रडले मी, रडायचं तेवढं रडले. पण त्या रडण्याच्या तळाशी सुटका होती. इतकी वर्षं मला वाटायचं की तुमची बातमी मला त्या माळावर मिळणार. कोणीतरी धावत येणार आणि मी पाठ करून बसलेली असणार. तसं झालं नाही. तुम्ही आपल्या घरात, आपल्या खाटेवर, माझा हात उशाशी असताना गेलात. वरून पडला नाहीत. एवढ्यासाठी मी देवाला रोज हात जोडते.

पण डबा खालीच होता. महिनाअखेर जवळ आलेली. मिलिंदने, आपल्या लेकाने, सेक्रेटरींना जाऊन विनवलं. ते भले माणूस, म्हणाले तेरावं होऊ दे, मग बघू. मग बघू म्हणजे काय ते मला कळत होतं. इकडे तुमची थोरली बहीण, इंदूवन्सं, तेराव्याच्या सामानाची बडबड करत घरभर फिरत होत्या. शय्यादान करायचं. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, कंदील. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे जे लागतं ते ब्राह्मणाला द्यायचं, म्हणजे त्याला पोचतं. माझा भाई असा अनवाणी जाणार नाही, म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. म्हटलं, वन्सं, तुमच्या भाईला पुढच्या वाटेवर छत्री लागणार आहे का? त्याला काय लागणार हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

भटजी आले तेव्हा मी त्यांना गॅलरीत नेलं आणि खालचा डबा दाखवला. म्हटलं, हे दान करायचंय. त्यांनी कठड्यावरून वाकून डब्याची लांबी बघितली. मग म्हणाले, "वहिनी, मी डोंबिवलीला दोन खोल्यांत राहतो." मग मी सगळं सांगितलं, हेगडे, शब्द, भंगारवाला. त्यांनी विचार केला. शास्त्रात वाहनाचं दान आहेच, म्हणाले. घेणारा हजर नसेल तर त्याच्या नावाने सुपारी मांडू. फक्त गादी-उशीही त्याच्याबरोबर गेली पाहिजे, दान अर्धवट नको. आणि एक लक्षात ठेवा, उदक सोडलं की ते तुमचं नाही, दिल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही. मी कबूल झाले. इंदूवन्सं आधी तोंड वाकडं करून बसल्या होत्या, पण गादी जाणार म्हटल्यावर निवळल्या.

बाळाने ट्रक गाठला तो नेमका तेराव्याच्या दिवशी दुपारी सुटणारा. म्हणजे डबा सकाळीच घाटकोपरच्या वखारीत न्यायला हवा, कारण तिथेच धक्का आहे, ट्रकाच्या फळीच्या उंचीचा. क्रेन नको, काही नको, धक्क्यावरून सरळ आत ढकलायचं. नाडकर्णींच्या जावयाची जीप आली. आणि काय सांगू, वर्षानुवर्षं डब्याच्या नावाने बोटं मोडणारी आपली सोसायटी, तीच फाटकाशी ढकलायला उभी. दांडीला सेक्रेटरींचा हात पहिला. डबा गेल्यावर टाकीशेजारी जमिनीचा एक लांब पांढुरका पट्टा उरला, गवत न उगवलेला. भाजीवाली म्हणाली, आता मी झोपू कुठे?

वखारीत भुशाच्या ढिगाशेजारी तुमचं तेरावं झालं म्हणा ना. घरचे विधी उरकून भटजी रिक्षाने आले. इंदूवन्संनी धडाभोवती गादी गुंडाळली, उशी आणि चादर बसायच्या खळग्यात ठेवली, छत्री, चपला आणि कंदील शेपटाशी बांधला. हेगड्यांच्या नावाची सुपारी दांडीवर मांडली. मिलिंदने पळीने उदक सोडलं, मी त्याच्या हाताला हात लावला. ट्रकवाला बसप्पा, हल्याळकडचा, बिडी विझवून बाजूला उभा होता. त्याने बाळाला विचारलं, हे काय चाललंय. बाळाने सांगितलं, ताईच्या नवऱ्याचं तेरावं, हे दान आहे, पोचवायचंय.

बसप्पाने चप्पल काढली, धक्क्यावर चढला आणि डब्याला हात लावून कपाळाला लावला. मग खाली उतरून त्याने क्लीनरला कानडीत काहीतरी फर्मावलं. ट्रकाच्या पुढच्या भागात गुळाच्या ढेपांची रिकामी पोती होती, ती सुद्धा झाडून खाली टाकली. फळी धुऊन घेतली. बाळाने मला अर्थ सांगितला. तो म्हणत होता, मयताच्या दानावर माल टाकणार नाही, बाजूलाही ठेवणार नाही, ट्रक रिकामाच जाईल.

अहो, ऐकलंत? एक पोतं नाही, एक माणूस नाही. इतके महिने तुम्ही आणि बाळा ज्यावर अडून बसला होतात, ते असं सुटलं. तुम्हाला सुचलं नाही, बाळाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मला फक्त नुसत्या छत्रीऐवजी तुम्हाला खरंच लागेल ते पोचवायचं होतं.

ट्रक गेला आणि मग मात्र माझी वाट लागली. बाळा बरोबर गेला होता खरा, पण मला प्रत्येक खड्डा इथे बसून लागत होता. जेवण जाईना. इंदूवन्सं म्हणाल्या, दिलंस ना, मग आता सोड. सांगायला सोपं आहे. ट्रंक कॉल येईपर्यंत मी सोडलं नव्हतं, एवढं नक्की.

बाळा परत आल्यावर सगळं सविस्तर कळलं. बसप्पा बैलगाडीच्या चालीने गेला. घाटात मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला, तो ढिम्म. डब्याचं शेपूट ट्रकाबाहेर लोंबत होतं, त्याला लाल फडकं. चहाला थांबले की लोक जमायचे, होडी आहे का, देवाची पालखी आहे का. हद्दीच्या नाक्यावर साहेबाने उघडा म्हटलं. उघडलं तर आत पंख, गादी, छत्री, चपला. साहेब बघतच राहिला. बसप्पाने सांगितलं काय ते, आणि साहेबाने स्वतःच्या हाताने दार लावून दिलं.

एक मात्र तुमच्या मनासारखं झालं. बसप्पाचा रस्ता धारवाडला वेगळा फुटत होता. तिथल्या लाकूड डेपोच्या धक्क्यावर डबा उतरवला, आणि पुढे हेगडे आपली जीप घेऊन आले. म्हणजे शेवटचा टप्पा डबा स्वतःच्या चाकांवर गेला, जीपमागे, तुम्ही म्हणत होतात तसा. बाळा म्हणतो चाकं लोण्यासारखी फिरत होती, भावोजींनी ग्रीस केलेली. त्याने हे कबूल केलं याची नोंद घ्या. तुम्ही दोघेही बरोबर होतात, आणि आता तो विषय मी संपवते.

मासिक झाल्यावर हेगड्यांचं पत्र आलं, तपासणी झाली, रविवारी या. मी आणि मिलिंद गेलो. माळ तसलाच, आपल्या घाटावरच्यासारखा, फक्त झाड नाही. सावली नाही म्हटल्यावर मी कुठे पाठ करून बसणार? विमान जोडून उभं होतं. इतकं पांढरं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे ते नेहमी तुकड्यातुकड्यांत असायचं.

चालवणार होती सरोजा, हेगड्यांची शिष्या, कॉलेजात गणित शिकवते. आत बसली तर पाय पोचेनात. तुम्ही सहा फूट, आतली सगळी मापं तुमची. हेगडे डोकं खाजवायला लागले. तेवढ्यात कोणीतरी डब्याकडे पळालं आणि तेराव्याची उशी घेऊन आलं. ती पाठीशी लावली आणि सरोजाचे पाय बरोबर पोचले. सगळे हसले, मीही हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

मग हेगडे माझ्याजवळ आले. मोडक्या मराठीत म्हणाले, "वहिनी, पंख धरता?"

दिल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही, हे मला आठवलं. भटजींना मी कबूल झाले होते. पदर खोचला आणि गेले. अहो, किती हलका असतो तो! दोन बोटांवर राहिला. मला वाटायचं केवढं ओझं असेल. तुम्ही सांगायचात ना, नुसता धरायचा, बाकी त्याचं तो बघतो. दूर कुठेतरी यंत्र सुरू झालं, गवतातला दोर ताठ झाला, आणि ते हललं. मी पळाले. या वयात, लुगडं सावरत, दोन पावलं, तिसरं. तेवढ्यात पंख माझ्या हातातून आपणहून निघून गेला.

मी पाठ फिरवली नाही. मान वर करून बघत राहिले, ते वळलं, उन्हात चमकलं, आवाज म्हणून नाही. मिलिंद म्हणाला, आई, बस आता, पाय दुखतील. मी बसले नाही. अहो, किती सुंदर दिसतं ते. तुम्ही वर असताना मला कधी बघवलंच नाही.